शिलाईत माया ठेवतात, हक्कसोडपत्रात नसते

ज्यांना लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा नवा भाग लेखी. बोलताना जसं बोललो जवळपास तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण यात लढाया नाहीत. प्रश्न साधा आहे. आपल्याकडच्या बायकांना घर, जमीन, नातेवाईक, कोर्ट-कचेरी याबद्दल काही विचारायचं असेल तर त्या कुणाला विचारायच्या? नवऱ्याला विचारलं तर "तुला काय करायचंय?" भावाला विचारावं तर प्रश्न भावाबद्दलचाच. वकिलाकडे जायचं म्हणजे भांडण जाहीर करणं. मग विचारायचं कुठे? याचं उत्तर दीडशे वर्षांत बदलत गेलं, आणि त्यात एक जागा पुन्हा पुन्हा येते ती शिलाई मशीनची.

सुरुवात १८८२ सालापासून करू. त्या एका वर्षात मराठीत दोन बायकांची दोन पुस्तकं आली. पहिलं पंडिता रमाबाईंचं 'स्त्रीधर्मनीति'. रमाबाई तेव्हा चोवीस वर्षांच्या. नवरा नुकताच वारलेला, कडेवर लहान मुलगी, आणि पुण्यात येऊन त्यांनी बायकांसाठी आर्य महिला समाज सुरू केलेला. पुस्तकात शिक्षण, वागणं, घर चालवणं, मुलं वाढवणं याबद्दलचा सल्ला आहे. सूर बराचसा 'बाईने असं वागावं' असाच. गंमत बघा, कर्तव्य सांगणाऱ्या या पुस्तकाच्या विक्रीचे पैसे पुढच्या वर्षी त्यांना इंग्लंडच्या प्रवासाला उपयोगी पडले.

दुसरं पुस्तक ताराबाई शिंद्यांचं, 'स्त्रीपुरुष तुलना'. त्या वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या. त्यांचा सूर एकदम उलटा. सगळी कर्तव्यं बायकांनाच का सांगता, पुरुषांचं काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. लोक चिडले. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंनी त्यानंतर दुसरं पुस्तक लिहिल्याचं आपल्याला दिसत नाही.

म्हणजे कर्तव्याचा सल्ला आणि "कर्तव्य फक्त आमचंच का" हा प्रश्न, दोन्ही एकाच वर्षी छापून आले. आज फॅमिली ग्रुपवर जो वाद होतो, तो तेव्हाच सुरू झाला होता.

आता मशीनकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिंगर कंपनीची मशीनं हिंदुस्थानात विकली जाऊ लागली, तीही हप्त्यांवर. ईएमआय आपल्या पिढीने शोधला असं वाटत असेल तर तो गैरसमज इथेच सोडा. शिवणकाम हे तोवर शिंप्याचं, म्हणजे पुरुषांचं काम. घरात बायका गोधडी शिवत, कुंची-झबली शिवत, फाटलेलं सांधत, पण त्याला कुणी 'काम' म्हणत नसे. मशीन घरात आल्यावर हे बदललं. शिवणकाम घरात बसून करता येतं, त्यात चार पैसे मिळतात, आणि कुणाची इज्जत जात नाही. विधवा, टाकलेली, घरच्यांवर अवलंबून असलेली बाई, तिला कमावण्याचा हा एक 'मान्य' रस्ता झाला.

रमाबाई रानड्यांनी हे ओळखलं. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि रमाबाई त्याच्या आधारस्तंभ होत्या. तिथे लिहायला-वाचायला शिकवत, नर्सिंगसाठी मुली तयार करत, आणि शिवणकामाचा वर्ग होताच. शिवणवर्ग या गोष्टीची खरी ताकद कापडात नव्हती. "शिवण शिकायला जाते" असं म्हटलं की घरातून दुपारी दोन तास बाहेर पडायला परवानगी मिळायची. "सभेला जाते" म्हटलं असतं तर मिळाली नसती. आणि पंधरा-वीस बायका रोज दोन तास एकत्र बसल्या की त्या फक्त काजं आणि बटणांबद्दल बोलणार आहेत का?

यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली एका संवादात सिंगरच्या मशीनचा अपवाद केला होता. आणि १९३०च्या दशकात कोलकात्यात उषा मशीन तयार होऊ लागलं, तेव्हा ही वस्तू हळूहळू मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आली. पुढे तर लग्नात मुलीला मशीन देणं हा रिवाजच झाला. तुमच्या आजीच्या घरी कोपऱ्यात क्रोशाचं कव्हर घातलेलं पायमशीन असेल, तर ते बहुतेक तिच्या माहेरून आलेलं असणार. हा मुद्दा लक्षात ठेवा. मुलीला माहेरून मशीन मिळायचं, जमीन नाही.

मग छापील सल्ल्याचा काळ आला. १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून, म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या नांगर बनवणाऱ्या कारखान्याच्या गावातून, शंकरराव किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक सुरू केलं. गावोगावच्या बायकांना आपल्यासारख्याच दुसऱ्या बाईचं म्हणणं छापील पानावर दिसू लागलं. ते पुढे कित्येक दशकं चाललं. विद्या बाळ त्याच्या संपादक होत्या, आणि १९८९ मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' काढलं. या मासिकाच्या नावातच सगळं आलं.

पण सल्ला देणं नेहमी सुरक्षित नव्हतं. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढत होते. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य हा विषय. वाचक प्रश्न पाठवत, कर्वे सरळ उत्तर देत. या प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, पण मासिक १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत चालू राहिलं. लोकांनी मनातलं विचारलं आणि एका माणसाने खरं उत्तर दिलं, यासाठी कोर्टाची पायरी! त्यामुळे आज "गूगल करून बघ ना" असं आपण सहज म्हणतो, तेव्हा या माणसाची आठवण ठेवायला हरकत नाही.

आता मालमत्ता. इथे जरा सावकाश जाऊ, कारण या भागातलं बरंच काही तुमच्या स्वतःच्या घराला लागू आहे.

१९३७ साली एक कायदा झाला. मुंबईतले सर्जन आणि केंद्रीय विधिमंडळाचे सदस्य डॉ. गो. वि. देशमुख यांनी तो आणला, म्हणून त्याला 'देशमुख कायदा' म्हणत. त्यामुळे हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा मिळाला, पण तो 'मर्यादित'. म्हणजे जिवंत आहेस तोवर खा, राहा, पण आपल्या मर्जीने विकू नकोस. मुलींचा तर विषयच नाही.

मग हिंदू कोड बिल. आंबेडकरांनी त्यासाठी जिवाचं रान केलं, ते अडकलं, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्यामागे इतरही कारणं होती, पण हे मोठं होतं. पुढे ते बिल तुकड्या-तुकड्यांनी मंजूर झालं. त्यातला एक तुकडा म्हणजे १९५६चा हिंदू वारसा कायदा. त्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. बाईच्या ताब्यातली 'मर्यादित' मालमत्ता पूर्ण तिच्या मालकीची केली. आणि वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता, मृत्युपत्र न करता ते वारले तर, मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना समान वाटली जाईल असं ठरवलं. मुलीचं लग्न झालंय की नाही हा प्रश्नच नाही.

हे १९५६चं आहे, बरं का! २००५चं नाही. पण अजूनही शंभरातल्या कितीतरी घरांत "लग्न झालं, हुंडा दिला, विषय संपला" हाच कायदा चालतो.

राहिली वडिलोपार्जित, म्हणजे एकत्र कुटुंबाची मालमत्ता. त्यात जन्मतः हक्क फक्त मुलग्यांना होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून तो मुलींनाही दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ही लग्नाची अटच गेली. तरी "वडील २००५ आधी वारले असतील तर हक्क नाही" असा घोळ चालू राहिला. तो सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात मिटवला. हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी २००५ मध्ये वडील जिवंत असण्याची गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ आधी रीतसर झालेली वाटणी उकरून काढता येत नाही. हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांसाठी. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी कुटुंबांचे वारसा नियम वेगळे आहेत.

आता कर्तव्याचं टाइमलाइन शेजारी ठेवून बघू. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक खटला आला, आपल्या जवळचाच. कल्याणमध्ये प्रॅक्टिस करणारी एक विवाहित डॉक्टर, आणि तिच्याकडे पोटगी मागणारे तिचे वडील. कोर्ट म्हणालं, मुलगी विवाहित असली तरी ऐपत असेल तर आई-वडिलांना सांभाळण्याची जबाबदारी तिच्यावरही आहे. मला हा निकाल योग्यच वाटतो. पण तारखा बघा. आई-बापांना सांभाळण्याच्या बाबतीत लग्न झालेली मुलगी १९८७ मध्येच 'घरची' ठरली. वडिलोपार्जित जमिनीच्या बाबतीत 'घरची' व्हायला तिला २००५ उजाडलं. मध्ये अठरा वर्षं गेली.

कायद्याची वाट न बघता काही लोकांनी करूनही दाखवलं. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं प्रचंड महिला अधिवेशन झालं. त्यानंतर काही वर्षांत शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग आपणहून बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर कुटुंबं हे करतील ते लक्ष्मीमुक्त गाव. कुणी दान केलं असं नाही, जिने आयुष्यभर शेतात राबून कर्ज फेडलं तिचं देणं परत केलं, अशी त्यामागची मांडणी होती.

आता आमच्या दिघ्याकडे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं, तेव्हा बऱ्याच लोकांना कळलं की इथेही माणसं राहतात. इथले मूळ लोक आगरी-कोळी. साठच्या दशकापासून एमआयडीसी आली, १९७० मध्ये सिडको आली, जमिनी गेल्या. नंतर साडेबारा टक्के योजनेत भूखंड परत मिळू लागले. आणि भूखंड आला की वारसांची यादी आली, वारसांची यादी आली की बहिणींच्या सह्या आल्या. दुसरीकडे कारखान्यांत कामाला आलेली आमच्यासारखी कुटुंबं, साताऱ्याची, सांगलीची, मराठवाड्याची, कोकणातली. त्यांचं घर इथे आणि सातबारा गावाला.

शिवाय कागद म्हणजे काय हे दिघ्याने फार महागात शिकलंय. २०१५-१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर इथल्या बेकायदा इमारतींवर कारवाई सुरू झाली. यादीत नव्व्याण्णव इमारती होत्या. जमीन एमआयडीसीची, सिडकोची, आणि वर राहणाऱ्यांनी आयुष्याची पुंजी घातलेली. लाइटबिल नावावर होतं, आधारवर पत्ता होता, पण यातलं काहीच मालकी सिद्ध करत नाही. घरपट्टीची पावतीसुद्धा नाही. हे ज्या पोरांनी तेव्हा शाळेत असताना पाहिलं, ती आज सही करण्याआधी कागदाचा फोटो काढतात.

माझी आई घरीच फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते. आमच्या बाहेरच्या खोलीत मशीनशेजारी एक प्लॅस्टिकचं स्टूल आहे. त्या स्टुलावर बसून मापं देता देता बायका जे विचारतात, ते मी पलीकडे लॅपटॉपवर काम करत ऐकत मोठा झालो. "सासूचं ऑपरेशन आहे, जाऊबाई पैसे देत नाहीत, काय करू?" "कटोरी ब्लाउजला कापड किती आणू?" "घर माझ्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटी कमी लागते म्हणतात, खरं का?" (खरं आहे. महाराष्ट्रात फक्त महिलेच्या नावावर घर घेतलं तर एप्रिल २०२१ पासून एक टक्का सवलत आहे.) हे सगळं एकाच दमात, त्याच आवाजात.

मागच्या वर्षी शेजारच्या एका काकूंना गावाहून भावाचा फोन आला. "जत्रेला ये, आणि जाता जाता एक सही करून जा." त्या ब्लाउजचं माप द्यायला आल्या होत्या. आईने टेप बाजूला ठेवला आणि एवढंच विचारलं, "सही कुठे करायची आहे, तलाठ्याकडे की रजिस्टर ऑफिसात?" काकूंना माहीत नव्हतं. आई म्हणाली, "मग आधी कागद मागव."

कागद आला व्हॉट्सॲपवर. हक्कसोडपत्राचा मसुदा. शेताबरोबर राहतं घरही त्यात होतं. काकू दोन दिवस गप्प होत्या. मग भावाला म्हणाल्या, शेत तू कसतोस, त्याचं मी सोडते, पण घरावर माझं नाव राहू दे, मला उद्या कुठे जायची वेळ आली तर? भाऊ त्या भाऊबीजेला आला नाही. काकूंनी ओवाळणीचं ताट केलं होतं. पुढे काय होईल ते अजून त्यांनाही माहीत नाही. 'तुमचा हक्क मागा' असं रील बनवणाऱ्यांनी हे ताटही दाखवावं असं मला वाटतं. हक्काची किंमत असते, आणि ती कोर्ट फीमध्ये मोजत नाहीत. म्हणून निर्णय ज्या त्या बाईचाच. आपलं काम एवढंच की तो तिने माहिती असताना घ्यावा.

शिवणकामात एक शब्द आहे, 'माया'. शिलाईच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. पुढे अंग भरलं, मूल वाढलं, तर शिलाई उसवून कपडा सैल करता येतो. कापडात माया ठेवली नाही तर कितीही चांगलं शिवलं तरी तो कपडा एकाच मापाचा.

नोंदणी झालेल्या हक्कसोडपत्रात माया नसते. स्टँप जेमतेम काही शंभरांचा, सही दोन मिनिटांची, पण "नंतर बघू, नाही जमलं तर उसवू" असं होत नाही. फसवणूक झाली, जबरदस्ती झाली, हे दिवाणी कोर्टात सिद्ध करावं लागतं, तेही मुदतीत.

म्हणून चार गोष्टी सांगतो, घरी सांगून ठेवा. एक, महाभूलेख साइटवर गावाचा सातबारा फोनवर बघता येतो. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. आईचं, आत्याचं नाव त्यात आहे का ते एकदा बघा. दोन, फेरफाराची नोटीस आली तर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, नोटीस ड्रॉवरमध्ये टाकू नका. आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क गेला असंही नाही, ती महसुलाची नोंद आहे. तीन, वारस नोंद आणि हक्कसोड या वेगळ्या गोष्टी आहेत. "वारस लावायचेत" सांगून हक्कसोडीवर सही घेतली जात नाही ना, ते वाचून बघा. चार, बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. १९८७च्या कायद्यातच तसं आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, आपल्यासाठी ते ठाण्यात. फोन नंबर १५१००.

आणि एक मुलग्यांसाठी. हा पॉडकास्ट ऐकणारे निम्मे तरी कुणाचे तरी भाऊ आहात. पुढच्या पाच-दहा वर्षांत तुमच्याही घरी तो कागद निघणार आहे. तेव्हा ताईला "जत्रेला ये" म्हणून बोलवू नका. मसुदा आठवडाभर आधी पाठवा, "कुणालाही दाखव" असं सांगा, आणि ती नाही म्हणाली तरी भाऊबीजेला जा.

हा भाग आवडला तर आई, मावशी, आत्या, ताई, जिला सही करायला कुणीतरी बोलावू शकतं, तिला पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि कागद वाचून सही करा.